सोडवून घेतलेला वेळ

गारखेड्यातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक. आईला अर्धांगवायू झाल्यापासून तिचं सगळं माझी थोरली बहीणच करते. त्यासाठी ताईनं शाळेतली नोकरी सोडली. मी त्याच घरात राहतो, पण माझ्या खोलीचं दार बहुतेक वेळा लोटलेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी उपदेशाची तयारी करत होतो. वेळ वाया घालवू नका, असं सांगणारं प्रेषिताच्या पत्रातलं वचन घेतलं होतं. ताई दारात आली. बिडकीनच्या मैत्रिणीला भेटून यायचंय, दुपारी आईजवळ बसशील का, असं तिनं विचारलं. उपदेश अर्धाच झालाय, पुढच्या आठवड्यात जा, असं मी पुस्तकातून मान वर न करताच म्हणालो. ती बरं म्हणून गेली.

त्या वचनातलं मूळ ग्रीक क्रियापद 'एक्सागोराझो'. त्यात 'अगोरा' म्हणजे बाजार आहे. बाजारात विकायला उभ्या केलेल्या गुलामाची किंमत देऊन त्याला सोडवायचं, असा त्याचा अर्थ. ख्रिस्तानं आपल्याला सोडवलं हे सांगतानाही हाच शब्द येतो. वेळही असाच किंमत देऊन सोडवावा लागतो, हे सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. पलीकडं ताई आईचं अंथरूण बदलत होती.

रविवारी उपदेश लोकांना आवडला. ताई अर्थातच घरी होती. दुपारी जेवताना मी तिला तो शब्द उलगडून सांगितला, जरा मिरवतच.

आईसाठी भात कालवता कालवता ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या वेळेची किंमत मी देतेय."

आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, "आज जा बिडकीनला. मी थांबतो."

"ती सकाळीच गेली पुण्याला, मुलाकडं. आता तिथंच राहणार."

"काल सांगायचं ना, ताई."

"सांगणार होते. तू मान वर केली नाहीस."

मी माफी मागितली. फोन आहे की बोलायला, म्हणाली ती.

तेव्हापासून बुधवारची दुपार मी आईजवळ बसतो, ताईला बाहेर पडता यावं म्हणून. पहिल्या बुधवारी आईची साडी ओली झाली, पण तिनं मला साडीला हात लावू दिला नाही. भिंतीकडं तोंड करून ताईची वाट बघत राहिली. ताईही तासाभरात परतली. एवढ्यात कशी आलीस, असं विचारलं तर म्हणाली, "कुठं जावं, सुचलंच नाही."

आणि हात धुऊन ती आईची साडी बदलायला गेली.