चौघांची बैठक

१९९८च्या एप्रिलमध्ये माझी थोरली बहीण आणि दाजी यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. त्यावर वाद नव्हता. वाद होता चौथीतल्या मुलीचा. दाजींना तिला साताऱ्याला आपल्या आईकडे ठेवायचं होतं, ताईला नेरूळला स्वतःजवळ. दाजींनी तिचं नाव काढून घ्यायला नेरूळच्या शाळेत दाखल्यासाठी अर्जही दिला होता. शाळा उघडण्याआधी काय ते ठरायला हवं होतं.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होते. बातमी शोधतात तसाच मार्गही शोधता येतो, याबद्दल मला शंका नव्हती. ग्रंथालयातली कायद्याची पुस्तकं चाळली. मुलाचा ताबा कसा मिळवावा हे त्यांत होतं. दोघांनी मिळून कसं ठरवावं, हे नव्हतं. ते सापडलं कार्यालयात येणाऱ्या एका परदेशी साप्ताहिकात. अमेरिकेतले काही वकील असे वाद चौघांच्या बैठकीत सोडवत होते: नवरा, बायको आणि दोघांचे वकील. बोलणी फिसकटली, तर त्या दोन्ही वकिलांनी पुढचा खटला चालवायचा नाही, ही अट.

मजकुराची झेरॉक्स घेऊन बेलापूरच्या एका वकिलांकडे गेले. ते हसले. "मॅडम, हातची केस सोडायचं मीच लिहून देऊ? मग खाऊ काय?"

पनवेलच्या वकिलांनी कागद शेवटपर्यंत वाचला. ते रायगडच्या किनाऱ्यावरचे, कोकणी मुसलमान. म्हणाले, "आमच्यात नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक माणूस बसवतात. ही अट तेवढी नवी. बरी आहे. वकिलालाही समेट हवासा वाटेल." त्यांनी ताईचं काम घेतलं. दाजींनी आपला वकील स्वतः निवडला. त्यालाही अट पटली.

पहिल्या बैठकीला आमचे मामा न बोलावता आले. ते वाशीच्या मार्केटात माथाडी होते. सोबत गावचे तिघे.

"आमी काय मेलो का? जावयाला घेतो ना मी कोपऱ्यात!"

"मामा, कोपऱ्यात घेतलंत तर तुमचीही केस माझ्याकडेच येईल," ताईचे वकील म्हणाले. "बाहेर चहा सांगितलाय."

"च्या नको, निकाल सांगा."

"निकाल कोर्टात लागतो. इथे फक्त बोलायचंय, तेही त्या दोघांनी."

मामा पुटपुटत बाहेर आले. मीही बाहेरच बसले. आत काय झालं ते ताईने नंतर सांगितलं, दाजींनीही तेच सांगितलं.  दाजी म्हणाले, "तुझ्याकडे राहिली तर वर्षभरात मला विसरेल ती."

ताईला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग साताऱ्याला ठेवून तुम्हाला तरी कुठे रोज दिसणार आहे? तुमची नोकरी इथेच ना? शनिवार-रविवार तुमच्याकडे येऊ दे."

आणखी दोन बैठका झाल्या. दाजींनी दाखल्याचा अर्ज मागे घेतला आणि नवीन पनवेलला भाड्याने घर घेतलं. कायद्याप्रमाणे वर्षभर वेगळं राहून मग घटस्फोटाचा अर्ज दोघांच्या संमतीने दाखल करायचं ठरलं.

भाची नेरूळच्या शाळेतच पाचवीत गेली. शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी दाजी तिला न्यायला आले. रविवारी संध्याकाळी त्यांनी तिला ताईकडे आणून सोडलं.