पंच्याखालचा लॅपटॉप

राणेकाकांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर कायम एक धुतलेला पंचा टाकलेला असे. ते जन्मापासून आंधळे. त्यांना पडद्याचा उपयोग नव्हता, पण पंच्याचं कारण वेगळं होतं. "माणसां पडद्याकडे बघत रवतत, माझा कोण आयकत नाय," ते सांगत. त्यांचं मशीन बोलायचं, ते ऐकायचे, आणि आलेल्या माणसानेही तेवढंच करावं अशी त्यांची अपेक्षा असे.

लालबागला आमची चाळ पाडून जी इमारत झाली, तिच्या चौथ्या मजल्यावर ते एकटे राहत. जिना आणि लिफ्ट त्यांच्या दाराशी, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला आम्ही. फोर्टातल्या एका कचेरीत त्यांनी तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, शिकले. कोणाकडे शिकलात, असं विचारलं तर "त्याच्याकडेच" म्हणून लॅपटॉपवर टिचकी मारत. लिनक्सच का, यालाही उत्तर तयार होतं. ते बिघडलं तर आत हात घालून आपलं आपल्याला दुरुस्त करता येतं, कोणाची वाट बघत बसावं लागत नाही. इमारतीतले अर्धे मंदावलेले लॅपटॉप त्यांच्या हाताखालून गेले होते.

मी पुस्तकांची प्रुफं तपासते. पंचवीस वर्षं तोच धंदा. गेल्या वर्षी नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स टाकायचं ठरवून काकांकडे गेले. लिनक्स एकाच प्रकारचं नसतं. वेगवेगळ्या गटांनी ते आपापल्या पद्धतीने बांधलेलं असतं, त्या प्रत्येकाला डिस्ट्रो म्हणतात, आणि त्यातली एक निवडायची असते. मी चित्रं बघून तीन देखण्या डिस्ट्रोंची यादी केली होती. वाचून दाखवताना प्रत्येकीबद्दल विचारलं की, हिच्यात अक्षरं मोठी करता येतात ना?

तिसऱ्यांदा विचारल्यावर काकांनी नव्या लॅपटॉपवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "बाय, तुझी डावी बांगडी भिंतीक घासता. दोन म्हयने झाले."

मला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं हळूहळू जातं. डॉक्टरांशिवाय कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. पॅसेजमध्ये उजेड कमी, म्हणून मी डावा हात भिंतीला लावून चालत असे. ते कोणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं, या माणसाच्या कानांत आलं होतं. मी एवढंच म्हटलं की, प्रकाशकाला कळलं तर माझं काम गेलं.

त्यांनी धीर वगैरे दिला नाही. आपल्या लॅपटॉपवरचा पंचा काढून माझ्या पडद्यावर टाकला. "आता तूच बसव. जी तुका न बघता आत येवक देता, ती तुझी."

त्यांच्या खणात तीन पेनड्राइव्ह होते, प्रत्येकात एक डिस्ट्रो. ओळखू यावेत म्हणून एकाला रबर, दुसऱ्याला सेफ्टीपिन आणि तिसऱ्याला दोऱ्याची गाठ. रबरवाली सुरू झाली, पंखा फिरल्याचं ऐकू आलं, पुढे काही नाही. पंच्याखाली बहुधा सुंदर चित्र उमटलं असेल. "मुकी," म्हणून काकांनी ती उपटून काढली. सेफ्टीपिनवाली छान बोलू लागली आणि अर्ध्या वाटेवर गप्प झाली. माझा हात पंच्याकडे गेला तो त्यांनी मनगटाला धरून खाली ठेवला. उचलायचा असेल तर घरी जा, असं सांगितलं, तेही शांतपणे.

गाठवालीने नुसता बीप केला. "एस दाब. मग एंटर," काका म्हणाले. एक सपाट, यंत्राचा आवाज सुरू झाला. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, नाव काय, पासवर्ड काय. एकेक प्रश्न ऐकायचा, उत्तर टाइप करायचं. दोनदा चुकीच्या जागी एंटर मारलं आणि मागे आले. डिस्क पुसू का, असं त्याने विचारलं तेव्हा लॅपटॉप कोरा असूनही मी प्रश्न पुन्हा ऐकला आणि मगच एंटर दाबलं. काका मधे पडले नाहीत. चहा पीत बसले आणि "घाबरू नको, मी बघणार नाय," असं म्हणून स्वतःच हसले. जेवून बसलो होतो, संपलं तेव्हा पाच वाजले होते. मी पडदा एकदाही पाहिला नव्हता. घरी जाऊन बांगडी उजव्या हातात घातली. आणखी कोणाच्या कानावर जायला नको.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मराठी आवाज चालू करून दिला आणि तपासून झालेलं एखादं प्रकरण मागितलं. मशीनचे उच्चार बेकार, आणि काकांनी लावलेला वेग असा की मला शिलाई मशीन चालल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या पानावर त्यांनी बटण दाबलं. "'आणि' दोनदा इला." मी पान पाहिलं. एक 'आणि' ओळीच्या शेवटी, दुसरा खालच्या ओळीच्या सुरुवातीला. लेखक, संपादक आणि मी, तिघांच्या नजरेतून सुटलेला. आपल्या कामात मला कोणी सहसा हरवत नाही. त्या दिवशी पान हातात धरून मी शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिले.

"डोळे पुढे धावतत," काका म्हणाले. "कान रांगेत उभे रवतत."

दर शनिवारी एक तास पंचा टाकून काम करायचं, हा त्यांचा हुकूम. डोळे आहेत तोवर शीक, गेल्यावर शिकताना राग येतो आणि रागात काही ऐकू येत नाही, हे त्यांनी उशिरा दृष्टी गेलेल्या मित्रांकडे पाहून ठरवलं होतं. पाहून हा शब्दही त्यांचाच. तीन महिन्यांनी मी घरी सांगितलं, मग प्रकाशकाला. त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला, पडदा झाकला आणि त्याच्याच छापून आलेल्या पुस्तकातल्या चार चुका काढून दाखवल्या. काम चालू आहे. आता शेवटचं वाचन मी कानांनीच करते.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात संपलं. नायगावहून त्यांची भाची आली होती, तिने खोली आवरताना काय हवं ते घ्या म्हटलं. मी गाठीचा पेनड्राइव्ह आणि पंचा मागून घेतला. पंचा कशाला, असं तिला वाटलेलं दिसलं, तरी तिने तो घडी घालून दिला.

बांगडी मी परत डाव्या हातात घातली आहे. पॅसेजमधून जाताना ती भिंतीला घासते. त्यांच्या दाराशी मी ती जरा जोरानेच घासते.