दवबिंदूच्या डोक्यावरचा दिवा

समोर टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या हॉलमध्ये ऊन येत नाही. काचेच्या पेटीत मी वाढवलेलं दवबिंदूचं किडे खाणारं रोपटं त्यामुळे फिकं पडलं. ज्यांना किडे चिकटतात ते पानांवरचे थेंबही सुकले. आधी रोपांसाठी मिळतो तो जांभळा दिवा लावून पाहिला, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, घर आहे की ऑर्केस्ट्रा बार?" शेवटी साधी पांढरी ट्यूब आणली आणि पेटीच्या वर वीतभर अंतरावर बसवली.

आज ऑफिसातून आले तेव्हा पानं लालसर झाली होती, थेंब चकाकत होते. सासूबाई पेटीला खुर्ची भिडवून तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"इथे खडे दिसतात गं," त्या म्हणाल्या.

पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी शेजारी टेकले. काही करावंसं वाटेना. ऊनसुद्धा आता दुकानातून आणायचं, याचाच शीण आला होता. तरी त्या उजेडातून उठवेना.

ट्यूब घेताना दुकानदाराने विचारलं होतं, "कुणासाठी हवीय?" मी फक्त रोपट्याचं नाव सांगितलं होतं.