गाड्या झिजवणारा माझा दादा

माझ्या भावाला गाड्या खराब करायचा पगार मिळायचा.

खरंच. चेष्टा नाही.

मिलिंद दादा पुण्याकडच्या एका टेस्ट ट्रॅकवर ड्रायव्हर होता. नवीन मॉडेल बाजारात यायच्या आधी ते किती टिकतं, हे बघायचं काम. लोक एखादी गाडी कित्येक वर्षांत जेवढी झिजवतील तेवढी यानं काही महिन्यांत झिजवायची.

त्याच्याकडे स्पोर्ट्स कार असायची. दोन सीटची, जमिनीला टेकलेली.

त्याआधी तो जवळा बाजार ते औंढा जीप चालवायचा. मागं लटकलेले लोक, टपावर कापसाची गाठोडी. तिथून थेट स्पोर्ट्स कार!

पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा आई भाकरी थापत होती. तिला काही केल्या हे काम समजेना.

"आई, गाडी किती दिवस टिकती ते बघायचं असतंय."

"मंग हळू चालव की बाबा. टिकंल."

दादा इतका हसला की ठसका लागला त्याला.

मग मलाच समजावून सांगत बसला. "रमे, इंजिन थंड असतानाच फुल रेस द्यायची. ऑइल वरपर्यंत पोचायच्या आधीच. आतलं लोखंड लोखंडाला घासतं. मंग क्लच सोडून एकदम उडवायची. फुल स्पीडमधून कचकन ब्रेक. डिस्क लाल होती, दिवसासुद्धा दिसती. टायर तर चपलीसारखे संपतात."

"आणि मग?"

"मंग खोलतात. एकेक पार्ट मोजतात, किती झिजला ते. नवीन टाकतात. मंग परत चालू."

डोळे चमकायचे त्याचे हे सांगताना. आमच्या अख्ख्या गल्लीत असं काम कुणाचं नव्हतं.

ट्रॅकवर एक दगडी पट्टा होता. मुद्दाम खडबडीत केलेला, सस्पेन्शन तपासायला. स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन आधीच कडक, सीट खाली. प्रत्येक दगड थेट मणक्यात.

अख्खी शिफ्ट त्याच्यावरून.

कंबर आधी नुसती दुखायची. मग पायात कळ जायला लागली. एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, हे काम सोडा.

वहिनीनं हात जोडले. "अहो, घरी चला. जीप चालवा, कायबी करा."

"जीप आता कोण बसतंय गं? घरोघर मोटारसायकली झाल्या." आणि तो ठेकेदाराचा माणूस होता, कंपनीचा नव्हे. सुट्टी घेतली की जागेवर दुसरा.

म्हणून तो गोळ्या खायचा. मेडिकलवरून आणलेल्या, दुखणं थांबवणाऱ्या. सकाळी एक, ट्रॅकवर एक. पुढं पुढं जेवल्यासारख्या.

गोळी घेतली की गाडी पळायची. गोळीनं आत काय होऊन राहिलं, ते त्याला दिसलं नाही. आम्हालाही नाही.

पाय सुजले तेव्हा वाटलं, बसून बसून सुजले असतील.

दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

दादा घरी आला. हिंगोलीत डायलिसिस सुरू झालं. आईला शुगर, तिची किडनी चालेना. माझी जुळली नाही. वहिनीचीही नाही. वेटिंगमध्ये नाव टाकलं आणि वाट बघत राहिलो.

एकदा डायलिसिसवरून परत येत होतो. औंढा रोडच्या पेट्रोल पंपावर त्याला ती गाडी दिसली. तीच. त्याच मॉडेलची, पिवळी.

"रिक्षा थांबव."

गाडीवाला तरुण होता, स्वभावानं चांगला. दादानं विचारलं, "जरा बसू का?" तर त्यानं लगेच दार उघडून दिलं.

दादाला बसता आलं नाही.

सीट इतकी खाली होती. कंबर वाकेना. मी एका बाजूनं धरलं, त्या मुलानं दुसऱ्या. पाय आत गेला, पण बाकीचं शरीर गेलंच नाही.

"राहू दे," दादा म्हणाला. दाराला धरून नुसता उभा राहिला.

"काका, तुम्ही चालवलीय का ही?"

"व्हय."

दादा तेव्हा चाळिशीचाही नव्हता. 'काका' ऐकून मलाच कसंतरी झालं.

मुलगा म्हणाला, "मी रोज फुल पळवतो. काहीच होत नाही हिला."

"होतं," दादा म्हणाला. "लवकर दिसत न्हाई. सकाळी इंजिन थंड असताना रेटू नको. अन् पळवून आणली की लगेच बंद करू नको. जरा चालू राहू दे."

मुलानं मान हलवली. बसला आणि टायर किंचाळवत निघून गेला.

दादा रस्त्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चल रमे. उन्हात काहून थांबली?"

वेटिंगमधून फोन आलाच नाही.

शेवटी शेवटी अंगात पाणी साठायचं, म्हणून पाणीसुद्धा मोजून द्यावं लागायचं. तो मागायचा, वहिनी चमच्यानं ओठ ओले करायची आणि तोंड फिरवून बसायची. आई बाहेरच्या ओट्यावरून आत यायचीच नाही.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी, दुपारी, तो गेला. घरी त्याच्याजवळ मी आणि वहिनी होतो.

आज त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे गेले. मग ट्रॅकवरच्या त्याच्या सोबत्याचा फोन आला.

म्हणाला, "ताई, त्या गाडीचं पुढचं मॉडेल आलंय टेस्टिंगला. मिलिंदभाऊच्या जागी परभणीकडचा एक जण लागलाय. त्याची पण कंबर धरलीय आता."

मी म्हटलं, "भाऊ, त्याला सांगा. काही करा, पण त्या गोळ्या खाऊ देऊ नका."



तो म्हणाला, "ताई, मी पण खाऊन राहिलो."

 मी फोन ठेवला आणि दादाच्या फोटोपुढं जाऊन बसले.

दादा, तुझ्या रमीचा जय भीम.