गुन्हा नसल्याचा दाखला

ईट गावच्या शिवारात, वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून श्रीनाथ सहा वर्षं परदेशी कंपनीचं काम करत होता. आता त्याला वर्षभर परदेशात राहून तेच काम करायचं होतं. युरोपातला एक देश लॅपटॉपवर पोट भरणाऱ्यांना तसा परवाना देत होता. पगाराचा पुरावा झाला, विमा झाला, खोली ठरली. राहिला एकच कागद, अंगावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला. श्रीनाथनं आयुष्यात कुणाच्या कानाखाली मारली नव्हती. पण त्याचा बाप बलभीम जिवंत होता ना.

मंगळवारी सकाळी शेजारच्या उमाशंकरनं ट्रॅक्टर फिरवताना हातभर बांध नांगरला आणि बलभीमचं टाळकं सरकलं. आधी शिव्या, मग दगड. उमाशंकरनं पाठीत काठी घातली, तसा बलभीमनं कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, त्याच्या डोक्यात हाणला. उमाशंकर सरीत कोसळला, रक्तानं माती भिजली, तरी घाव थांबेनात. दुसरा खांद्यावर, तिसरा हातावर. बलभीमची बायको मथुराबाई मध्ये पडली, तर तिलाही त्यानं ढकलून दिलं.

मग रक्ताचे कपडे बदलून हा गडी आधी ठाण्यात पोचला. जो आधी पोचेल त्याची फिर्याद खरी, ही आपल्याकडची समजूत. उमाशंकरच अंगावर आला आणि दगडावर पडून फुटला, असं त्यानं लिहून दिलं. वर साक्षीदार म्हणून श्रीनाथचं नाव घातलं, कारण शिकलेल्या पोराच्या शब्दाला वजन असतं. पोराला विचारतो कोण?

पोरगा शेतात होता, हे बापानंच लिहून दिल्याचं उमाशंकरच्या भावाला ठाण्यात कळलं. संध्याकाळी दवाखान्यातून उमाशंकरनं जबाब दिला, त्यात मारणारा म्हणून पहिलं नाव श्रीनाथचं. नोकरीवाला अडकला की समोरचं घर लवकर वाकतं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

रात्री श्रीनाथनं बापाला गाठलं. "आबा, मला इचारलं तरी का तुमी?"

"बापाच्या मागं हुबं ऱ्हायाला इचारावं लागतंय व्हय?"

श्रीनाथला बापाचा गळा धरावासा वाटला. मारामारीच्या वेळी तो खोलीत मीटिंगमध्ये होता आणि कंपनीकडं त्याचं रेकॉर्डिंग होतं. रात्रभर त्यानं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात तो सुटत होता आणि बाप अडकत होता.

दुसऱ्या दिवशी फौजदारानं बापलेकांना समोर बसवलं. "तू होतास का तिथं?"

श्रीनाथनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर तो खुर्चीत बसलेला. मागून मथुराबाईचा आवाज आला, "अवं, कुऱ्हाड टाका. पडलाय त्यो. मरंल, आता तरी सोडा." पडद्यावरच्या श्रीनाथनं खिडकीकडं पाहिलं, उठून ती लावून घेतली आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसला.

"तुझं नाव गुन्ह्यातून निघेल," फौजदार म्हणाला. "जा तू. बलभीम, तुम्ही थांबा."

बलभीम फौजदाराकडं बघतच नव्हता. कालपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

"तुला ऐकू येत हुतं," तो पोराला म्हणाला. "तू येऊन हात धरला असतास, तर म्या थांबलो असतो."