कॉफीच्या मशीनवरचा शेंदूर

१९६३ साल. मी बत्तीस वर्षांचा, अन् एस्प्रेसो कॉफीच्या जुन्या मशीनचे पत्रे माझ्या अंगणात पसरलेले. आतला बॉयलर हॉटेलातच होता. रंगवायची होती ती वरची कव्हरं.

हॉटेल गणपतशेठचं. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत वाफेची कॉफी पाजायची त्याची हौस. मशीन मुंबईहून सेकंडहँड आणलेलं, रंगाचे पोपडे निघालेले. मी गिरण्यांची इंजिनं रंगवायचो. शाळा दुसरीपर्यंत, पण रंगातलं मले कोणी शिकवू नये. शेठ चारचौघांत म्हणाला, वाफेनं रंग फुगला तर पुढची सारी कामं जालन्याच्या पेंटरले देईन. झोंबलं.

वायर ब्रशनं गंज काढला, पॉलिश पेपर मारला, हिरव्या हीटप्रूफ इनॅमलचे पातळ हात दिले. हा रंग नुसता वाळून भागत नाही. मंद आचेवर भाजला की पक्का होतो, तोवर कच्चाच. भट्टी म्हणजे डांबराचं रिकामं पिंप, खाली गोवऱ्या. बायको म्हणाली, भाकरीले गोवऱ्या नाहीत अन् तुम्ही पत्रे भाजून राह्यले.

पत्रे पिंपात ठेवून मी काडेपेटी आणायला घरात गेलो. तेवढ्यात शेठची म्हातारी माय आली. नव्या वस्तूला विस्तव लागायच्या आधी शेंदूर लावायचा, हा तिचा नेम. तेलातल्या शेंदरानं माखलेला हात तिनं समोरच्या कव्हरवर दाबला अन् गेली. बायकोनं पाहिलं, पण बोलली नाही. गोवऱ्यांचा राग. मी आत न पाहताच झाकण लावून पेटवलं.

संध्याकाळी कव्हर काढलं, तर हिरव्यात शेंदरी हात, रेघांसकट. रॉकेलनं घासला, हलेना.

शेठ तापला. "हे काय बे?"

"रंग पाहा शेठ. फुगला का कुठं?"

"तो हात खरवडून काढ."

"काढतो. पहिले मायले विचारून या."

तो घरी जाऊन आला. मग त्यानं हाताचं नावच काढलं नाही.

यात्रेत मशीन दिवसभर वाफ सोडत होतं. रंग जागचा हलला नाही. लोक आधी नमस्कार करत, मग कॉफी मागत. शेठ सांगे, मुंबईहून असंच आलं. हे मात्र मले पचलं नाही.

धडा एवढाच, की भट्टी लावताना बायकोले नाराज करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शेठ यायच्या आत, मी पांढऱ्या हीटप्रूफनं त्या हाताखाली माझं नाव-गाव लिहिलं अन् आचाऱ्याला मशीन पेटवायला सांगितलं.