झोपलेलं कार्ड

मी संशयी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, काय ही बाई! माझे वडील नगरला कचेरीत कारकून होते. घराबाहेर पडताना कडी घालायचे, कुलूप लावायचे, ते तीनदा ओढून बघायचे, आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा ओढायला परत यायचे. अशा घरातली मुलगी लग्न होऊन कुठे जावी? तर शिंगणापूरला. जिथे घरांना दारंच नाहीत! नवरा तिथे प्राथमिक शाळेत शिक्षक होता. मी ट्रंक खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "दार कुठाय?" तो म्हणाला, "इथे नसतं." जसं काही मी समुद्र कुठाय म्हणून विचारलं होतं.

ट्रंकेला मात्र कुलूप होतं. गावाला ते आवडणार नाही म्हणून त्याने ते काढायला लावलं. मी काढलं, आणि ट्रंक गोधड्यांच्या ढिगाखाली सरकवली.

ही गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरची, पाऊस नव्हता तेव्हाची. सासूबाई जामखेडकडच्या. त्यांचा डावा डोळा आधीच गेलेला होता आणि उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आता हा एकच आहे. याला धूर लागता कामा नये." सांगायला काय जातंय! आमची एक खोली. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत सासूबाईंचं अंथरूण. दार नाही म्हणजे धूर भसाभसा बाहेर जात असेल असं कुणाला वाटेल. छे! वारा समोरून यायचा आणि सगळा धूर आत कोंबायचा. त्यात जळणाचे हाल. ओल्या बाभळीच्या फांद्या आणि तुरीच्या काड्या फुंकून फुंकून माझा जीव जायचा. सासूबाई पदर डोळ्यावर दाबून भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि म्हणायच्या, "मला काय हुत न्हाई." पदर बाजूला केला की डोळा लालभडक.

वातीचा स्टोव्ह हवा होता. विकत घेण्याचं नाव काढायचं नाही, कारण पगारातला मोठा वाटा दिराकडे जनावरांच्या चाऱ्याला जात होता. तेव्हाच गावातल्या किराणा दुकानात एका चहा कंपनीची योजना आली. पाव किलोच्या प्रत्येक पुड्यात एक कुपन. दुकानदार ते कार्डावर चिकटवून वर जांभळा शिक्का मारणार. कार्ड भरलं की बक्षीस. बक्षिसांच्या चित्रात थर्मास होता, भिंतीवरचं घड्याळ होतं आणि अगदी खाली, निळ्या रंगाचा, दहा वातींचा स्टोव्ह होता. मी त्या चित्रावर बोट ठेवलं आणि ठरवलं, हा मी आणणार. शाळेतले मास्तर लोक आमच्याकडेच चहाला यायचे, त्यामुळे पुडे भराभर संपत. आयुष्यात पहिल्यांदा मी पाहुण्यांना आग्रह करकरून चहा पाजला.

कार्डं मात्र दुकानातच राहायची. दुकानदाराने एक तार आडवी बांधली होती आणि तिला सगळ्या गावाची कार्डं भोकं पाडून ओवली होती. कुणी पुडा घेतला की तो कार्ड ओढायचा, कुपन चिकटवायचा, शिक्का हाणायचा. मान वर करून बघायचासुद्धा नाही. म्हातारा होता, सदा हसतमुख. मला सदा हसतमुख माणसांबद्दल आधीच शंका असते. त्यात एक दिवस मी बघितलं, तो पुडा फोडून सुटा चहा विकत होता. गिऱ्हाईक सुटा चहा घेऊन गेलं. मग त्या पुड्यातलं कुपन कुठे गेलं? माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, इथे नक्की पाणी मुरतंय. आज सुट्याचं कुपन घेतोय, उद्या माझ्या कार्डावरचं उचकटून आपल्या सुनेच्या कार्डावर चिकटवेल, मी काय करणार?

"माझं कार्ड द्या. मी घरीच ठेवते," मी म्हटलं.

"न्या की मास्तरीणबाई." त्याने हसतच तारेतून काढून दिलं. "पर तीन महिन्यांतून एकडाव तरी आणून शिक्का मारून न्या. न्हाईतर कंपनी म्हनती कार्ड झोपलं. मग त्ये चालत न्हाई."

घ्या! मी कार्ड नेलं म्हटल्याबरोबर याला नियम आठवला! मी मनात म्हटलं, बरोबर आहे, कार्ड पुन्हा हातात यावं म्हणून काहीतरी सांगायलाच हवं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणतोय तर मारून आण शिक्का. तुझं काय जातंय?" पण हा रोज त्याच दुकानात वर्तमानपत्र वाचत बसायचा आणि फुकट सुपारी खायचा. याचं काय ऐकायचं? कार्डाच्या मागे बारीक इंग्रजीत चार ओळी होत्या. त्या वाचून दाखव असंही मी त्याला म्हटलं नाही, कारण तो जे वाचेल ते खरं कशावरून?

तेव्हापासून मी पुडा घरी आणून फोडायची, कुपन काढून ट्रंकेत डबीत ठेवायची. म्हटलं, सगळी जमली की एकदम नेऊन समोर आपटीन, बघू कोण काय चोरतंय.

शेजारची बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी होती. चांगली जमीनजुमल्याची, पण त्या साली विहीर आटल्याने हात बांधून बसलेली. मी तिला आक्का म्हणायची. ती सासूबाईंच्या डोळ्यात औषध घालायला यायची, कारण त्या माझ्या हातून घालून घेत नसत, म्हणायच्या, तुझा हात कापतो. तिचं कार्ड दुकानातल्या तारेवरच होतं. "त्याला काय पाय फुटत्यात?" म्हणायची. एकदा माझ्या डबीत एक कुपन कमी भरलं. मी दोनदा मोजली, चारदा मोजली. कोण येतं घरात? तीच की! महिनाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. चहा विचारला नाही, ती बसली तर मी झाडू घेऊन उठायची. तिला वाटलं, मला दिवस गेलेत म्हणून माझं डोकं फिरलंय. तिने माझ्यासाठी चिंचेची गोळी आणून ठेवली. मग एक दिवस ट्रंकेच्या तळाला घातलेला कागद बदलताना ते कुपन त्याला चिकटलेलं सापडलं. मी ते डबीत टाकलं आणि चिंचेची गोळी खाऊन टाकली. तिला काही सांगितलं नाही.

वर्ष सरत आलं आणि कुपनं पुरी झाली. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा नगरहून बक्षिसांची खोकी आणि सायकल एसटीच्या टपावर टाकून यायचा. त्या दिवशी मी धुतलेलं लुगडं नेसून दुकानात गेले. पाच-सात बायका होत्या, आक्काही होती. मी कार्ड ठेवलं, वर डबी उपडी केली आणि म्हटलं, "निळा स्टोव्ह."

त्याने कार्ड उलटसुलट केलं. "बाई, हे तर बंद झालं."

"बंद म्हणजे?"

"दोन शिक्के आहेत, त्यानंतर काहीच नाही. तीन महिने कार्ड वापरलं नाही की रद्द होतं. मागे लिहिलंय."

"ही कुपनं खोटी आहेत का?"

"कुपनं खरीच आहेत हो. कार्डच चालत नाही. नवीन कार्ड काढा, पण त्यावर ही जुनी चिकटवता येणार नाहीत. आधीपासून चालू असलेलं कार्ड लागतं."

माझा तोल गेला. काय वाट्टेल ते बोलले मी. तुम्ही दोघं मिळालेले आहात, गावाला लुबाडता, सुट्या चहाची कुपनं कुठे जातात ते सांगा आधी! दुकानदाराचं हसू पहिल्यांदा गेलं. त्याने तारेतून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. वर देवळाजवळ पाणी भरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचं नाव लिहिलं होतं. तिला कधी अख्खा पुडा परवडायचा नाही, म्हणून सुट्या चहाची कुपनं तो तिच्या कार्डावर लावत होता. "मी तुमास्नी सांगितलं हुतं की नव्हतं, शिक्का मारून न्या म्हनून?" तो एवढंच म्हणाला.

घरी आले ती भिंतीला टेकून बसले. डोळ्यासमोर फक्त सासूबाईंचा तो एक डोळा. वर्षभर मी त्यांना सांगत होते, थोडे दिवस कळ काढा, स्टोव्ह येतोय. त्यांनी कळ काढली होती आणि आता डोळ्यातून सारखं पाणी वाहत होतं.

मागोमाग आक्का आली. "मास्तरीणबाई, उठा. माझं कार्ड चालू हाय. अर्धं भरलंय. त्या मानसाला मी इचारलं, कुनाची बी कुपनं चालत्यात, म्हनला. तुमची त्यावर लावू. स्टोव्ह तुमी वापरा. म्हातारीचा डोळा आदी."

कुणीही शहाण्या बाईने तिचे पाय धरले असते. मी काय म्हणाले असेन?

"पण नाव तुमचं लागणार. उद्या म्हणालात स्टोव्ह माझा, तर?"

मला उठवायला पुढे केलेला हात तिने मागे घेतला.

"तसं लिहून द्या," मी म्हटलं. "दोन साक्षीदारांपुढे."

आक्काचा चेहरा असा उतरला की मला तो आजही दिसतो. "न्हाई बाई," ती हळू म्हणाली, "लिहून द्यायचं असंल तर ऱ्हाऊ द्या." आणि गेली.

तोंडातून शब्द गेला होता. मागे बोलवायला जीभ उचलली नाही, कारण अजूनही माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होताच, की ही अर्धं कार्ड फुकट का देतेय? हिला काय मिळणार यातून? सासूबाई भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होत्या. त्या उठल्या, चाचपडत गोधड्या बाजूला केल्या, ट्रंक उघडली. मी परत आणून ठेवलेली डबी त्यांनी काढली.

"आई, काय करताय?"

"तू गप ऱ्हा." बस, एवढंच. डबी पदराखाली घेऊन, भिंतीला हात लावत लावत त्या शेजारी गेल्या. ना कागद, ना साक्षीदार.

तासाभराने आक्का तो निळा स्टोव्ह घेऊन आली आणि आमच्या कोपऱ्यात ठेवून गेली. माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरात धुराशिवाय भात शिजला. सासूबाईंनी पदर खाली घेतला आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या.

स्टोव्ह आमच्याकडे दोन वर्षं राहिला. डोळा वाचला. लाली गेली, पाणी थांबलं, सासूबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. आक्का औषध घालायला येत राहिली, सासूबाईंशी गप्पा मारत राहिली. माझ्याशी बोलायची ते कामापुरतं. आणि मी? खरं सांगते, ती दोन वर्षं मी वाट बघत होते. आज मागेल, उद्या मागेल. कुणी पाहुणा आला, लग्नकार्य निघालं, की मला वाटायचं, आता येतेय स्टोव्ह न्यायला. ती स्वतः चुलीपुढे खोकत होती, ते पलीकडून मला ऐकू यायचं. ती कधी आली नाही.

मग नवऱ्याची बदली श्रीगोंद्याकडे झाली. तोवर आम्ही स्वतःचा स्टोव्ह विकत घेऊ शकत होतो. मी तो निळा स्टोव्ह राखेने घासला, टाकी कोरडी केली, वाती नव्या घातल्या आणि आक्काकडे घेऊन गेले. ती जात्यावर दळत होती. मी स्टोव्ह तिच्यापुढे ठेवला आणि उभी राहिले.

"बसा की," ती म्हणाली.

मी बसले नाही.

"मास्तरीणबाई, काय झालं?"

"बघून घ्या ना," मी म्हटलं. "दहाच्या दहा वाती आहेत. कुठे पोचा आलेला नाही. एकदा बघून घ्या."

"बघायचं काय त्यात?" आक्का म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. तिने एका हाताने स्टोव्ह भिंतीकडे सरकवला आणि दुसऱ्या हाताने जात्यात मूठभर बाजरी टाकली. मला एकदम रडू फुटलं. लाज वाटली हो, दुसरं काही नाही. तिने त्या वाती मोजाव्यात म्हणून मी तिथे थांबले होते, आणि ती दळत राहिली.